'पेटी' : एका लघुपटाच्या नोंदी

१२ जानेवारी २०२५, रविवार

तिसरा खर्डा बाद. बाद म्हणजे फोल्डरला 'जुनं' असं नाव देऊन ठेवलाय, फाडायला प्रिंट कुठं काढली होती?

गोष्ट अशी होती : सहा कैदी चमच्यांनी बोगदा खणतात आणि निघतात थेट जेलरच्या न्हाणीघरात. वाचनाला पोरं पोट धरून हसली होती. एकांकिकांतली पोरं ती, पंच आला की हसायची सवयच आहे त्यांना. काल काकांना वाचून दाखवलं. काका म्हणजे कोर्टाजवळ अर्ज आणि करारनामे टाइप करून देतात ते. एका पतसंस्थेच्या प्रकरणात सव्वीस महिने कच्चे कैदी म्हणून आत होते, मग निर्दोष सुटले. आत असतानाही धंदा तोच, लोकांचे अर्ज लिहायचे.

बावीस पानं गप्प ऐकली. मग चष्मा पुसत म्हणाले, "बोगदा कशाला खणतील? आमच्या बराकीत सात जणांचा जामीन झालेला. कागद आला न्हाई म्हणून बसलेली. आता बोगद्यातनं गेला आणि मागनं कागद आला तर? नवी केस लागायची की."

मी हसलो. काका हसले नाहीत, ते मला हिशेब सांगत होते.

बोगदा रद्द.

१९ जानेवारी, रविवार

मुंबईच्या आर्थर रोड जेलच्या दाराबाहेर एक जामीन पेटी आहे. कोर्टाचा सुटकेचा आदेश कागदावर तिच्यात टाकायचा, ठरलेल्या वेळांना जेलचा माणूस येऊन उघडणार. ऑक्टोबर २०२१ मध्ये एका बड्या नटाच्या मुलाचा जामीन झाला तेव्हा सगळ्या वाहिन्यांनी ती पेटी दाखवली होती. संध्याकाळची साडेपाचची वेळ हुकली, म्हणून पेटी पुन्हा उघडली ती दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला. म्हणजे उच्च न्यायालयानं सोडलेला माणूस एका लोखंडी डब्याच्या वेळापत्रकासाठी आणखी एक रात्र आत.

नटाचा मुलगा होता म्हणून कॅमेरे आले. आपला माणूस असा हवा की ज्याच्यासाठी रिक्षासुद्धा येणार नाही.

नाव ठरलं : 'पेटी'. आतापर्यंतचा प्रतिसाद : पैसे घालणारे दादा म्हणाले, "पेटी म्हणजे एक लाखवाली ना? गँगवॉर आहे का?" संगीत करणाऱ्याला वाटलं हार्मोनियमवाल्याची गोष्ट. आई म्हणाली, "कुणाच्या लग्नातली?" तिन्ही अर्थ वाईट नाहीत. नाव कायम.

२६ जानेवारी, रविवार

चार वर्षांपूर्वी आजच्याच दिवशी येरवड्यात 'जेल पर्यटन' सुरू झालं. शाळेच्या मुलांना ५ रुपये, कॉलेजच्यांना १०, बाकीच्यांना ५०. बघायला काय, तर जिथं गांधीजी होते ती जागा, जिथं २४ सप्टेंबर १९३२ ला पुणे करार झाला ती जागा. इतिहास म्हणून बघण्यासारखंच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण तिकीट काढून आत जाणारा आणि वॉरंटवर आत जाणारा एकाच दारात भेटले तर, असा एक सीन डोक्यात घोळतोय. तिकीट काढलेला विचारणार, "आत किती वेळ असतो?"

ही योजना जाहीर करणारे तेव्हाचे गृहमंत्री त्याच वर्षी नोव्हेंबरात ईडीच्या अटकेत गेले, आर्थर रोडला न्यायाधीन बंदी म्हणून राहिले आणि डिसेंबर २०२२ मध्ये जामिनावर बाहेर आले. खटल्याचं व्हायचं ते होईल. मी हे सिनेमात घालणार नाही. प्रेक्षक म्हणतील, लेखकानं योगायोग फारच ओढून आणलाय.

२ फेब्रुवारी, रविवार

कथानकाला कालनिर्णय घेऊन बसलो. खरंच, भिंतीवरचं काढून टेबलावर पसरलं.

एप्रिल २०२५ : गुरुवार १० महावीर जयंती. शुक्रवार ११ कोर्ट चालू. शनिवार १२, दुसरा शनिवार. १३ रविवार. सोमवार १४ आंबेडकर जयंती. मंगळवारी १५ ला कोर्ट उघडणार. इतका चांगला पटकथाकार मला पैसे देऊन मिळाला नसता.

नायक किसन. विहिरीवरची पाण्याची मोटर चोरल्याचा आरोप. चोरीला जास्तीत जास्त तीन वर्षं. जामीन कधीच झालाय, १५,००० आणि एक लायक जामीनदार. लायक म्हणजे ज्याच्याकडं सातबारा किंवा तहसीलचा सॉल्व्हन्सी (ऐपतीचा) दाखला आहे. किसनचा भाऊ ऊसतोडीला बाहेर, रेशनकार्ड गावाला, भावजयीला कोर्टात कुणी ओळखत नाही. नवा कायदा (नागरिक सुरक्षा संहिता, कलम ४७९) म्हणतो की पहिल्यांदाच सापडलेल्याला एक तृतीयांश शिक्षेइतके दिवस झाले की सोडा. किसनचे अकरा महिने झालेत. एक महिना कमी पडतो. काकांचा शेरा, लाल पेनानं : "बरोबर. सगळ्यांचा एकच महिना कमी पडतो."

मग वकील रोख जामिनाचा अर्ज करतो, भावजय डोरलं गहाण टाकते, शुक्रवारी दुपारी चारला आदेश निघतो. पेटीची शेवटची वेळ साडेपाच. एसटी वाटेत बंद पडते. कागद पडतो पाच पन्नासला.

शनिवारी पहाटे पेटी उघडते. आदेशावर नाव 'कृष्णा'. वॉरंटवर नाव 'किसन'.

"सगळे मला किसनच म्हणतात साहेब."
"मग कृष्णा कुठाय?"

दुरुस्ती कोर्टातून आणायची. कोर्ट मंगळवारी. इथं थांबलो, चहा केला. सिनेमा आहे हा, असं पहिल्यांदा वाटलं.

९ फेब्रुवारी

तुरुंगाचा सिनेमा म्हटल्यावर जो तो शांतारामबापूंचा १९५७ चा 'दो आँखें बारह हाथ' काढतो, तेव्हा एकदाचं लिहून ठेवतो. तो वेगळाच मामला होता. औंध संस्थानानं १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवलं, भिंत नसलेली कैद्यांची वसाहत. त्यावरून गदिमांनी कथा लिहिली. तिथं प्रश्न असा होता की माणूस भिंतीशिवाय राहील का. आमचा प्रश्न असा, की ज्याला जा म्हणून सांगितलंय तो माणूस भिंतीबाहेर जाऊ का शकत नाही. शिवाय त्यात बापू बैलाशी झुंजले आणि डोळा जायची वेळ आली. आमच्या बजेटात बैल बसत नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

लोकेशन मिळालं. खऱ्या जेलची परवानगी मागायच्या भानगडीत पडलो नाही. गुळाची जुनी वखार, चार वर्षं बंद. भिंती जाड, खिडक्या उंच, उजेड वरून येतो. वास अजून गुळाचा. मुंगळे आहेत.

आर्टवाल्यानं विचारलं, माणसं किती झोपवायची? आदर्श कारागृह नियमावलीत (२०१६) बराकीत माणशी ३.७१ चौरस मीटर म्हटलंय, म्हणजे जवळजवळ ४० चौरस फूट. आमची मोकळी जागा १,२०० चौरस फूट, तीस माणसं. सरकारी अहवालाप्रमाणे देशातल्या जेलांची भरती ३१ डिसेंबर २०२२ ला १३१.४ टक्के होती. तीसचे झाले ३९.४. ज्युनिअर आर्टिस्ट ३९ बोलावू आणि पॉइंट चार म्हणून मी कोपऱ्यात पडतो, असं ठरलं.

त्याच अहवालातला आणखी एक आकडा रात्री सापडला. देशभरच्या जेलांची एकूण क्षमता ४,३६,२६६. नुसते कच्चे कैदी ४,३४,३०२. म्हणजे शिक्षा झालेला प्रत्येक माणूस उद्या घरी पाठवला, तरी अजून गुन्हा शाबित व्हायचाय अशा लोकांनीच जेलं भरतात. उरतात १,९६४ जागा. हे संवादात कुठंच घालता येत नाही, आकडा कानाला हसू देत नाही. कारकुनाच्या मागच्या फळ्यावर खडूनं लिहू, ज्याला दिसेल त्याला दिसेल.

काकांनी जागा मापून दाखवली. फुटपट्टीनं नाही. जमिनीवर आडवा हात ठेवला, त्याला चार बोटं जोडली. "एवढी. कूस बदलायची तर शेजाऱ्याला सांगायचं." मग आर्टवाल्यानं खडूनं रेघा मारल्या. सबंध वखार रेघारेघांची झाली, शाळेच्या कवायतीला मारतात तशी.

८ मार्च

कपड्यांचा घोळ. ड्रेपरीवाल्यानं काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे चाळीस जोड शिवून आणले. आगाऊ रक्कम गेली. काका दारातच थांबले. "ही कुठली सर्कस?" कच्च्या कैद्याला घरचेच कपडे असतात, आणि शिक्षा झालेल्याला आपल्याकडं पांढरे. म्हणजे आमच्या बराकीत कुणाची जीन्स, कुणाचा लग्नातला सफारी, कुणाचा आयपीएलचा टीशर्ट. ज्या कपड्यात पकडला त्या कपड्यात. हे कितीतरी चांगलं दिसतं. किसनच्या अंगावर त्या दिवशी जत्रेचा नवा सदरा होता. अकरा महिन्यांत त्याचा रंग जातो, आणि सिनेमातला वेळ सदऱ्यावर मोजता येतो.

कायदा चाळताना मिळालेली एक गोष्ट : १८९४ चा कारागृह कायदा, कलम ४६. जेलमधल्या गुन्ह्याला एक शिक्षा अशी की लोकरीचे सोडून इतर कपडे काढून घेऊन गोणपाट द्यायचं, तीन महिन्यांपर्यंत. ड्रेपरीवाल्याला म्हटलं, पट्ट्यांचे पैसे परत कर, नाहीतर तुला कलम ४६ लावतो. पैसे काही आले नाहीत. पट्ट्यांच्या कापडाचे आता वखारीत खिडक्यांना पडदे झालेत.

१६ मार्च

प्रवेशाचा सीन पुन्हा लिहिला. आधी विनोद असा होता की कारकून आडनाव ऐकून काम ठरवतो : हा स्वयंपाकघरात, तो झाडूला. लिहिताना मला हे फार तिखट वगैरे वाटलं होतं. ३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं हेच प्रत्यक्षात चालतं म्हणून जेल नियमावल्यांतली तशी कलमं घटनाबाह्य ठरवली आणि रजिस्टरातला जातीचा रकाना काढायला सांगितला. पत्रकार सुकन्या शांता यांची याचिका होती. म्हणजे मी ज्याला अतिशयोक्ती समजून लिहीत होतो ते नियमात छापलेलं होतं.

नवा सीन : कारकून पट्टी लावून, जीभ ओठाबाहेर काढून, जातीचा रकाना लाल शाईनं खोडतो. अगदी सरळ रेघ. शाई वाळू देतो. मग वर न बघता :

"गाव?"
किसन गाव सांगतो.
"गावात कुठं? वरच्या आळीला का खाली?"

बस. यावर एकही वाक्य नाही. वाचनात पोरं हसली आणि मधेच थांबली. दोघं एकमेकांकडं बघायला लागले. हा ठेवतोय.

३० मार्च, पाडवा

मुहूर्त. नारळ फोडला. तीस मिनिटांच्या वर जायचं नाही, अशी मी स्वतःला शपथ घातली. दादांनी अंबाबाईचा प्रसाद आणला. आमच्या कोल्हापूरच्या कळंबा जेलात कैदी हे लाडू वळायचे, हे आठवून आर्टवाला म्हणाला, "म्हणजे प्रसाद सुटतो, वळणारा नाही." त्याला म्हटलं हे लिहून दे. नंतर खोडलं, फारच सुभाषित झालं.

५ एप्रिल

पेटी तयार झाली. उद्यमनगरातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडं टाकली होती. त्याचा पहिला प्रश्न, "दानपेटी का? मग कुलपं दोन लागतील, एक अध्यक्षाचं, एक खजिनदाराचं." त्याला म्हटलं कुलूप एकच, पण बिजागरी कुरकुरली पाहिजे. त्याचा अपमान झाला. "माझ्या बिजागऱ्या कुरकुरत नाहीत." शेवटी नवी बिजागरी दोन दिवस मिठाच्या पाण्यात घातली. पत्रा १६ गेज, रंग हिरवा, फट नऊ इंच. वजन इतकं की दोघांना उचलावी लागते. खर्च ३,४००, त्यात मीठ आमचं.

२२ एप्रिल, शूट दिवस २

बादलीचा सीन. याच्यासाठी सगळा सिनेमा चाललाय.

शुक्रवारी दुपारी बातमी येते की किसन सुटला. बराकीचा रिवाज असा, काकांनी सांगितलेला, की जाणारा आपलं सामान वाटून जातो. त्याची बादली एकाला, चादर दुसऱ्याला, दोरीवरची जागा तिसऱ्याला, आणि झोपायची भिंतीकडची जागा (सहा महिन्यांनी मिळालेली) सगळ्यांत म्हाताऱ्याला. गळाभेटी होतात. कुणीतरी घरचा निरोप देतं, फोन नंबर पाठ करून घेतं. किसन चप्पल घालून दारात बसतो. साडेपाच होतात. बराक बंद व्हायची वेळ. किसन परत आत.

आता सामान मागायचं कसं?

पहिले तीन टेक वाया गेले, कारण पोरं 'बिचारा' करत होती. चौथ्याला मी म्हटलं, कुणीही वाईट वाटून घेऊ नका, प्रत्येकाला नुकतीच बादली मिळालीय एवढंच लक्षात ठेवा. मग जमलं. बादलीवाला बादलीला पायानं हळूच मागं सरकवतो. चादरवाल्याला एकदम झोप लागते, सहा वाजता. म्हातारा भिंतीकडं तोंड करतो आणि जपमाळ सुरू करतो. किसन दाराजवळ, संडासाच्या बाजूला, नव्या माणसाच्या जागेवर जाऊन पडतो. मुंगळ्यांनी फुकटात काम केलं, एक सरळ त्याच्या मानेवरून गेला आणि नट हलला नाही. कट म्हटल्यावर उडीच मारली त्यानं.

जेवण सीनमध्ये पाच वाजताच येतं, हे दाखवायचं राहून जात होतं. काका ओरडले. जेवण दुपारीच म्हणावं असं येतं, लोक ते झाकून ठेवतात आणि रात्री थंडगार खातात. म्हणून सगळ्यांच्या उशाशी झाकलेल्या ताटल्या ठेवल्या. किसनची ताटली नाही. त्याचं जेवण आज मोजलेलंच नाही.

२५ एप्रिल, शूट दिवस ५

गिनतीचा सीन. फळ्यावर ३९, कारण सुटणारा वजा केलाय. मोजतात तर ४०. जोडीजोडीनं उकिडवं बसवून पुन्हा मोजतात. ४०. जेलमध्ये एक माणूस कमी असला तर काय करायचं हे सगळ्यांना माहीत आहे, जास्त असला तर करायचं काय? जमादाराचं काम करणारा आमचा नट खरा शिक्षक आहे, हजेरी घ्यायची बावीस वर्षांची सवय. त्यानं स्वतःहून एक केलं : तिसऱ्यांदा मोजताना किसनपाशी आल्यावर आकडा ओठातल्या ओठात गिळला. ३९ झाले. फळ्याशी जुळलं. सगळे निजायला मोकळे. एका टेकमध्ये ओके.

उष्मा ४० च्या आसपास, पंखा आवाजामुळं बंद. दोघं जण चक्कर येऊन पडले. ताक संपलं.

१८ मे

एडिट. बेचाळीस मिनिटं झालीत. आज कापलं ते : जेलरची विगवाली गंमत, पर्यटकाचा सीन (जीव तुटला), संगीतकाराचं 'विनोदी' बासरीचं सगळं. बासरी आली की प्रेक्षकाला सांगितल्यासारखं होतं, हं, हसा आता. संगीतकार रुसला. त्याला शेवटी पेटीच्या बिजागरीचा आवाज नीट ध्वनिमुद्रित करायचं काम दिलं. तीन तास करत होता, आता त्यालाच सगळ्यात आवडतं ते.

सरकारनं २०२३ मध्ये गरीब कैद्यांच्या जामिनासाठी ४०,००० पर्यंत मदतीची योजना आणली. तिच्या समितीच्या बैठकीचाही सीन शूट केला होता, कोरम होत नाही वगैरे. तो पण कापला. योजना चांगली आहे आणि आमचा विनोद स्वस्त होता.

आता तेहतीस मिनिटं. शपथ तीसची होती.

२९ जून, रविवार

घरगुती खेळ. दादांच्या हॉलमध्ये चादर लावून, पंचवीस माणसं. पोरं कृष्णा-किसनला हसली, बादलीला हसली, रकाना खोडताना शांत झाली. जिथं हसू अपेक्षित होतं तिथं नाही, नव्हतं तिथं आलं. वहीत वेळा लिहून घेतल्यात.

काका शेवटच्या रांगेत, बूट न काढता. पूर्ण वेळ चेहरा दगड. गिनतीला जमादार आकडा गिळतो तिथं एकदम फुटले. इतके हसले की खोकला लागला, बाहेर जाऊन पाणी प्यावं लागलं. मागं गेलो तर जिन्यात उभे होते.

"तीन वेळा न्हाई," म्हणाले. "एकदा अकरा वेळा मोजलेलं. पावसात. माझ्यापाशीच चुकत होते."

चहाला थांबले नाहीत. छत्री विसरून गेले, ती माझ्याकडं आहे.

१३ जुलै, रविवार

तीन मिनिटं अजून गेली नाहीत, जाणारही नाहीत. फायनल तेहतीस. एका महोत्सवाला पाठवला.

वखार रिकामी करून दिली. खडूच्या रेघा पुसल्या जात नाहीत, मालक म्हणतो राहू देत, पोती लावायला बऱ्या. पेटी ठेवायला जागा नव्हती म्हणून आमच्या अपार्टमेंटच्या गेटपाशी आणून ठेवली मे महिन्यात, तेव्हापासून तिथंच. किल्ली माझ्याकडं होती आणि विसरलो होतो. आज काकांची छत्री शोधताना सापडली, तेव्हा उघडून बघितली.

दोन लाइटबिलं, दोन्हींची मुदत संपलेली. सोसायटीचा कसला तरी ठराव. वरच्या मजल्यावरच्या जोशीकाकूंना आलेली एक लग्नपत्रिका, लग्न ५ जूनला होऊन गेलं. सगळं नेऊन दिलं. काकू पत्रिका उलटसुलट करून बघत म्हणाल्या, "अहो, आम्ही त्यांच्याशी महिनाभर बोलत नाही आहोत. बोलावलंच नाही म्हणून."